कडं घातलेल्या तुती

बापाला पुरून आम्ही टेकाडावरून खाली उतरलो, तेव्हा जेथ्रो गॅमेज आमच्या कुंपणाशी उभा होता. टोपी त्यानं रीतीप्रमाणे हातात घेतली होती, पण नजर माझ्याकडे नव्हती. तो आमच्या तुती मोजत होता.

"एकशे बारा," तो म्हणाला. "ओबडायानं काम चोख केलं हो."

"बानं नाही, मी केलं," मी म्हणाले. "बा पिंपं करायचा. झाडं माझी, गॅमेजकाका."

"झाडं जमिनीची असतात, केझाया. आणि जमीन कोणाची, ते तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. लंडनच्या विश्वस्तांनी आम्हा गरिबांना फुकट जहाजात बसवलं, अमेरिकेत, जॉर्जियाच्या वसाहतीत आणून सोडलं आणि घरटी पन्नास एकर दिले. त्या बदल्यात त्यांचे नियम पाळायचे. रम प्यायची नाही. प्रत्येक घरानं शंभर पांढऱ्या तुती जगवायच्या, कारण इंग्लंडला रेशीम हवं होतं. आणि जमीन बापाकडून मुलाकडे जाईल, मुलीकडे नाही. दक्षिणेला स्पॅनिश होते, म्हणून प्रत्येक जमिनीमागे त्यांना बंदूक धरणारा एक पुरुष हवा होता. मी बंदूक बापापेक्षा बरी चालवायचे. ते कोणी विचारलं नाही.

माझा भाऊ जहाजावरच तापानं गेला होता. पायाशी दगड बांधून आम्ही त्याला समुद्रात सोडला. त्याच्याबरोबर आमची जमीनही सोडली, हे तेव्हा कळलं नाही.

गॅमेज आमच्या दहा घरांचा मुकादम होता. पहाऱ्याच्या पाळ्या लावणं, झाडं मोजणं, कोणी रम आणली तर हुंगून काढणं, ही त्याची कामं. त्याला मूलबाळ नव्हतं, पण एमस नावाचा एक पुतण्या होता. विशीतला, लांब मानेचा, कायम कशाला तरी टेकलेला.

"एमसशी लग्न कर," गॅमेज म्हणाला. बापाच्या थडग्यावरची माती अजून माझ्या हाताला होती. "जमीन मी त्याच्या नावानं मागणारच आहे. तू बायको म्हणून राहिलीस तर घर सुटणार नाही, झाडंही सुटणार नाहीत."

"आणि एमस काय करेल?"

"मालक होईल."

"ते त्याला जमेल. त्याला उठून उभं राहावं लागत नाही."

मागून येणारे चारपाच जण हसले. एमसही हसला, त्याला जरा उशिरा कळायचं. गॅमेज हसला नाही. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली.

"तुझे किडे कोष विणेपर्यंत राहा," तो म्हणाला. "विश्वस्तांचं रेशीम बुडवणारा मी नव्हे. कोष उतरले की निघ."

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. त्या जमिनीवरचा प्रत्येक पाइन मी बापाबरोबर पाडला होता. पहिल्या उन्हाळ्यात आई गेली, दुसऱ्या उन्हाळ्यात गाय गेली, तरी मी तुतीच्या रोपांना नदीवरून पाणी वाहत होते. लाकडी बादल्यांच्या दोरीनं खांद्याला जे घट्टे पडले, ते अजून आहेत. मला त्या पन्नास एकरांशिवाय काही नको होतं. नवरा नको होता, इंग्लंड तर मुळीच नको होतं.

गाव चाळीस घरांचं. न्यू टिव्हर्टन. अशा गावात दोघांचं भांडण दोघांपुरतं राहत नाही. दुसऱ्या दिवशी मी विश्वस्तांच्या कोठारात मीठ आणायला गेले, तर कोठारवाल्याची बायको डॉर्कस व्हेन काकवीचं पिंप पुसत म्हणाली, "अगं, एमस काही इतका वाईट नाही. दात तरी सगळे आहेत."

"मग तुझ्या लेकीला दे, डॉर्कसमावशी."

"माझी लेक अकराची आहे!"

"थांबेल तो. थांबण्याशिवाय त्याला दुसरं काय येतं?"

"तोंड आवर, केझाया. म्हणूनच तुला कोणी..."

"कोणी काय?"

तिनं वाक्य पुरं केलं नाही, पण मी तिथंच पुरं ऐकलं. मिठाची पिशवी तिच्यासमोर टाकली आणि म्हणाले, "यापुढे माझ्याशी बोलू नकोस. हाक मारलीस तरी मी वळणार नाही." आणि मी तो शब्द पाळला. हट्ट हीच एक गोष्ट मी इंग्लंडहून स्वतःची म्हणून आणली होती.

रविवारी प्रार्थनेला गेले, तर आमच्या बाकावर एमस पाय पसरून बसलेला. बाकं जमिनीप्रमाणे ठरलेली असायची. ज्याची जमीन, त्याचा बाक. मला मागं, मोलकरणींच्या बाकावर बसायला खूण झाली. मी आल्या पावली परत फिरले आणि पुन्हा प्रार्थनेला गेले नाही.

मार्चमध्ये मी रेशमाच्या किड्यांची अंडी कापडी पिशवीत घालून छातीशी बांधली. आमच्याकडच्या बायका तशीच उबवायच्या. काळ्या अळ्या फुटल्या, मग पाच आठवडे मला कशाचीही शुद्ध नव्हती. पानं तोडायची, पुसायची, घालायची. भुकेल्या अळ्यांचा आवाज कौलांवर पडणाऱ्या बारीक सरीसारखा यायचा. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं, मी कोणाशी बोलत नव्हते. रोज सकाळी नदीवर पाण्याला जाताना कोठारावरून वाट होती. एप्रिलच्या शेवटी तिथं दारावर एक कागद लागला. पांढरा चौकोन, चार खिळे. कागद नेहमीच लागायचे. कोणाचं डुक्कर हरवलं, कोणता नोकर पळाला, लंडनहून कोणतं नवं फर्मान आलं. मला अक्षर येत नव्हतं. मी मान ताठ ठेवून जायचे, तशीच यायचे.

गॅमेज दोन दिवसांआड कुंपणाशी यायचा.

"चढले का किडे फांद्यांवर?"

"चढतील तेव्हा चढतील."

"एमसला पलंगाचं माप घ्यायचंय."

"बाच्या थडग्याचं घे म्हणावं. तेवढंच पुरेल त्याला."

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या अळ्या वाळल्या फांद्यांवर चढल्या आणि कोष विणायला लागल्या. आता त्यांना पानं नको होती. त्या सकाळी मी बापाचा सुरा काढला. पिंपाच्या फळ्या तासायचा, दोन्ही टोकांना मुठी असलेला सुरा. घासून धार केली आणि पहिल्या तुतीशी गुडघ्यावर बसले.

आमच्याकडे जंगल तोडायला कोणाला वेळ नसायचा. आम्ही झाडाला कडं घालायचो. बुंध्याभोवती वीतभर रुंदीची साल गोल सोलून काढायची. झाड उभंच राहतं, पण वर रस चढत नाही. मग हळूहळू पानं झडतात, आणि सावली नसलेल्या त्या वाळक्या झाडांखाली आपण मका पेरतो. हजारो पाइन आम्ही असे मारले. तुतीला कडं घालायचं मात्र कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

माझं म्हणणं सरळ होतं. शंभर जिवंत तुती नसल्या तर विश्वस्त जमीन परत घेत. एमसला जमीन मिळाली, तरी ती त्याच्या हातात टिकू द्यायची नव्हती.

तिसऱ्या झाडाशी होते तेव्हा गॅमेज आला. मला वाटलं, ओरडेल. सुरा हिसकायला धावेल. मी त्याची वाटच बघत होते. बापाची बंदूक भिंतीला टेकवून ठेवली होती. तो क्षणभर नुसता बघत राहिला. मग मागं वळून हाक मारली, "एमस, खुर्ची आण."

खुर्ची आली. गॅमेज कुंपणाबाहेर बसला.

"चार," तो म्हणाला.

मी हात थांबवला नाही.

"पाच. नीट सोल गं, खालची साल राहिली बघ. सहा."

दहा वाजेपर्यंत अर्धं गाव जमलं. बायका तोंडाला पदर लावल्यासारखा हात लावून उभ्या. डॉर्कसही होती. ती एकदा पुढं झाली, "केझाया..." म्हणाली. मी वळले नाही. गॅमेजनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. कोठाराच्या किल्ल्या कोणाच्या शब्दावर राहतात, हे तिला ठाऊक होतं. ती मागं सरली.

"सत्तेचाळीस. पाणी हवं का?"

"तुझ्या हातचं नको."

"बरं. अठ्ठेचाळीस."

दुपार कलली. तळहात फाटले होते, मुठींना रक्त लागलं होतं. एकशे बारावं झाड मी पहिल्या वर्षी लावलेलं, आईनं हात लावलेलं. त्याचीही साल काढली आणि उभी राहिले. पाठ सरळ होईना.

गॅमेज उठला. खुर्ची एमसच्या हातात दिली.

"कोठाराच्या दारावरचा कागद वाचलास का?"

"मला वाचता येत नाही. तुला ठाऊक आहे."

"हो," तो म्हणाला. "ठाऊक आहे."

आणि तो घरी गेला.

मी तशीच, हातात सुरा घेऊन कोठारापर्यंत चालत गेले. डॉर्कस माझ्या मागोमाग आली. "वाच," मी म्हणाले. महिन्यांनंतर तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

ती वाचायच्या आधीच रडायला लागली. कागद लंडनहून आला होता. विश्वस्तांनी नियम बदलला होता. ज्याला मुलगा नाही, त्याची जमीन आता मुलीला मिळेल. जे आधी मेले आणि ज्यांची जमीन अजून कोणाला दिली नाही, त्यांच्याही मुलींना.

"कधी लागला हा?"

"अकरा दिवस झाले. रविवारी प्रार्थनेनंतर मोठ्यानं वाचला. सगळं गाव होतं. मला वाटलं, तुला कोणीतरी सांगितलं असेल."

"तू का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणालीस, बोलू नकोस."

"आणि आज? आज सकाळी?"

ती दाराकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. अकरा दिवस मी त्या कागदासमोरून बावीस वेळा गेले होते.

जूनमध्ये वसाहतीच्या मुख्य गावाहून, सव्हानाहून, दंडाधिकारी घोड्यावरून झाडं मोजायला आला. जाडा, घामानं भिजलेला, जेवायची घाई असलेला माणूस. तुती अजून हिरव्या होत्या. कडं घातलेलं झाड लगेच वाळत नाही.

"पानं बघा, साहेब," मी म्हणाले. "हिरवी आहेत. कागदाप्रमाणे जमीन माझी, आणि झाडं एकशे बारा. मोजा."

त्यानं गॅमेजकडे पाहिलं. गॅमेज खाकरला.

"साहेब, गेल्या वर्षी हिच्या बापानं पंधरा एकर पाइनला कडं घातलं. त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला, म्हणाला, जमीन मोकळी झाली, तसं लिहून घे. पाइन तेव्हा हिरवेगारच होते. आपल्याकडे कडं पडलं, त्या दिवशी झाड मेलं. मी म्हणत नाही, ओबडाया प्राउझच तसं म्हणायचा."

खरं होतं. सगळ्या गावाची तीच रीत होती. एकानंही मान हलवून नाही म्हटलं नाही. बापाचं बोलणं असं थडग्यातून येऊन माझ्याच अंगावर पडलं.

"झाडं शून्य," दंडाधिकारी म्हणाला आणि जेवायला गेला.

आठवड्यात जमीन एमसला मिळाली. विश्वस्तांच्या लोकांनी त्याला नवी झाडं लावायला मुदतही दिली. मुदतीची त्याला गरजच पडली नाही. पुढच्या वसंतात एकेका कड्याच्या खालून, बुंध्यातून, जाडजूड कोंब फुटले आणि पावसाळ्यापर्यंत माणसाच्या डोक्यावर गेले. तुती अशी फुटते, हे मला माहीत नव्हतं. पाइन कधी फुटत नाही, आणि आम्ही मारले होते ते सगळे पाइन.

मी नदीच्या वरच्या अंगाला, जर्मन लोकांच्या गावी गेले. तिथल्या बायका रेशीम चांगलं काढायच्या. अपोलोनिया नावाच्या विधवेनं मला कोष उकळायच्या कढईशी, धागा सोडवायला उभं केलं. पहिल्या वर्षी बोटांची कातडी गेली, मग नवी आली. तिच्या घरात संध्याकाळी सगळे पुस्तक वाचायचे. एक दिवस मी तिला म्हणाले, मला अक्षरं शिकव.

"पोरांच्या बाकावर बसावं लागेल. लाज नाही ना वाटणार?"

"बाकांची मला सवय आहे."

मी तेव्हा चाळिशी ओलांडली होती. आधी त्यांची जर्मन अक्षरं शिकले, मग आमची. जिभेपेक्षा बोट पुढं धावायचं, आणि बोटापेक्षा राग. तीन वर्षं लागली. त्यानंतर वाटेत कुठंही कागद लागलेला दिसला की मी थांबायचे आणि पुरा वाचायचे. हरवलेल्या डुकरांची गावभर मला सर्वांत जास्त माहिती असायची.

पंधरा वर्षांनी मी नावेतून रेशीम घेऊन सव्हानाला निघाले होते. वाटेत न्यू टिव्हर्टनला नाव पाण्यासाठी लागली. गावात सहा घरं उरली होती. डॉर्कस मेली होती. विश्वस्तांनी वसाहत राजाच्या हवाली केली होती, आणि गुलाम विकत घ्यायला आता बंदी नव्हती, म्हणून एमस माणसं विकत घेऊन किनाऱ्याकडे भाताची शेती करायला गेला होता. जमीन काकाच्या नावावर करून गेला.

काका मोडक्या कोठाराच्या ओसरीवर बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. दारावर ताजा कागद होता, चार खिळ्यांचा. लावणारा माणूस सकाळीच लावून परत गेला होता.

पावलं ऐकून गॅमेजनं मान वळवली. "कोण आहे? काय लिहिलंय त्यावर? वाचता येतं का?"

"येतं."

तो दचकला. आवाज ओळखला. "प्राउझची पोर."

"पोर कुठली, गॅमेज. पंचेचाळीस झाले मला."

"तुला वाचता येत नव्हतं."

"नव्हतं."

त्यानं काठीनं दारावरचा कागद चाचपला. मग म्हणाला, "बरं, वाच तर. बघू काय वाचतेस."

मी वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, हळू, एकही अक्षर न गाळता. विश्वस्तांच्या काळात ज्यांना जमीन मिळाली, त्या प्रत्येकानं सप्टेंबरअखेर, मायकेलमासच्या आत, स्वतः सव्हानाला जाऊन जुना कागद दाखवावा आणि राजाचा नवा घ्यावा. जो येणार नाही त्याची जमीन मोकळी धरली जाईल, आणि जो मागेल त्याला मिळेल.

गॅमेजनं ऐकून घेतलं. मग तो हसायला लागला. हसता हसता खोकला.

"वा! म्हणजे मी आंधळ्यानं दोन दिवस नावेत बसून सव्हानाला जायचं, आणि तू इथं मागं घरात शिरायचं. पंधरा वर्षं हेच शोधून काढलंस?"

"लिहिलंय ते वाचलं."

"खोटारडी. तुझ्या जागी मी असतो तर मीही असंच काहीतरी वाचलं असतं."

"माहीत आहे मला."

"डुक्कर हरवलंय कोणाचं तरी. एवढंच असेल."

त्या सहा घरांत वाचणारा कोणी नव्हता, आणि असता तरी गॅमेजशी बोलणारा नव्हता. हे मला त्याच क्षणी कळत होतं. मी पुन्हा वाचू शकले असते. त्याचा हात धरून बापाची शपथ घेऊ शकले असते. नावाड्याला बोलावून सांगू शकले असते, याला सव्हानाला ने. मी खाली ठेवलेली टोपली उचलली आणि नावेत जाऊन बसले. मागून तो अजून हसत होता.

मायकेलमासच्या दुसऱ्या दिवशी मी सव्हानाला राजाच्या कचेरीत उभी होते. ओबडाया प्राउझच्या पन्नास एकरांसाठी कोणी आलं नव्हतं. कारकुनानं विचारलं, जमिनीवर झाडं किती. मी सांगितलं, लावली होती एकशे बारा, आता चौऱ्याण्णव उभी आहेत. जाताना मी ती मोजली होती. त्यानं बोट दाखवलं तिथं मी माझं नाव लिहिलं. अक्षरं मोठी झाली आणि रेघेखाली घसरली, पण पुरं लिहिलं.

गॅमेजला बाहेर काढायला मी शिपाई नेला नाही. एकटीच गेले. तो आमच्याच दारात, माझ्या बापानं केलेल्या पालथ्या पिंपावर बसला होता. मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं लाखेच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला. राजाचा शिक्का जाड असतो, आंधळ्यालाही कळतो.

"त्या दिवशी खरं वाचलंस तू," तो म्हणाला.

"शब्दन्‌शब्द."

"मग दुसऱ्यांदा का नाही सांगितलंस?"

"तू मला पहिल्यांदाही सांगितलं नव्हतंस."

मका काढेपर्यंत राहा, असं मी म्हणाले. त्यानं माझ्या पायाशी थुंकून काठी मागितली. एमसचा माणूस दोन दिवसांनी येऊन त्याला किनाऱ्याकडे घेऊन गेला. त्या हिवाळ्यात तो तिथंच मेला, असं ऐकलं. मला वाईट वाटलं नाही. वाटावं म्हणून मी एकदोनदा प्रयत्नही केला.

आमच्याआधी या नदीकाठी यूची लोक, इथले मूळचे रहिवासी, राहायचे. त्यांना कुठलाच कागद कोणी वाचून दाखवला नव्हता. हे मला फार उशिरा सुचलं, अक्षरं आल्यावर.

आता मी सत्तरीला टेकले आहे. तुती अजून पानं देतात. प्रत्येक बुंध्यावर गुडघ्याएवढ्या उंचीवर ते कडं दिसतं. वरचा वाळला खुंट किडीनं पोखरलाय, आणि खालून फुटलेले फाटे मांडीएवढे जाड झालेत. नवीन माणूस आला की विचारतो, झाडांचं हे असं कोणी केलं. मी सांगते, मी केलं.